पिवळ्या रुमालाची गाठ

मी पिवळा रुमाल बोलतोय, अमेरिकन फुटबॉलचा पंच एमिल, त्याच्या खिशातला. अकरा वर्षं तोंड दाबून पडलो होतो. आता मात्र मला बोलू द्या बुवा!

माझा जन्म स्वयंपाकघरातला. एमिलची बायको डोलोरेस हिनं पडद्याचं उरलेलं कापड फाडलं आणि लांब फेकता यावं म्हणून एका टोकाला मूठभर मक्याचे दाणे घालून पक्की गाठ मारली. मैदानात कुणी चुकलं की एमिल मला भिरकावायचा. मी गवतावर पडलो की अर्धे लोक नाचायचे आणि उरलेले अर्धे माझ्या आईचा उद्धार करायचे. आई कोण, तर बिचारा पडदा!

एमिल स्वतःच्या गावच्या सामन्यात कधी उभा राहत नसे. पण अकरा वर्षांपूर्वी एका शनिवारी दुपारी ठरलेल्या पंचाची गाडी वाटेत बंद पडली आणि शिट्टी याच्या गळ्यात आली. शेवटचं मिनिट. आमच्या शाळेची पोरं दोन गुणांनी पुढे. समोरच्यांनी लांबवर चेंडू फेकला. त्यांचा झेलणारा धावला, त्याला चिकटून आमचा ग्रेग. चेंडू येण्याआधी झेलणाऱ्याला धरायचं नाही, एवढा साधा नियम. दोघं कोलमडले, चेंडू पडला, आणि मी हवेत! आमची शिक्षा म्हणून चेंडू पुढे नेऊन ठेवला, त्यांनी किक मारून तीन गुण घेतले आणि आम्ही हरलो. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, तसं सगळं गाव एमिलकडे बघायला लागलं.

ग्रेगचा बाप बर्नी गावचा न्हावी, एमिलचा शाळेपासूनचा दोस्त. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. एमिलचे केस डोलोरेसच कापायची, आणि असे कापायची की बाहेर टोपी काढायची सोय नाही.

"आजही दुकानात तोच वाद," बाजारातून आली की ती सांगायची. "धरलं की नाही धरलं. चेंडू आवाक्यात होता की नव्हता. गिऱ्हाईक अर्धी दाढी घेऊन बसलेलं!"

एमिल पावाला लोणी लावता लावता उठायचा, खणातून मला काढायचा, गाठ चाचपायचा, परत ठेवायचा. पुन्हा काढायचा. मला त्या खणात क्षणभर चैन नव्हती. कारण खरं काय ते आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. त्या क्षणी ऊन थेट त्याच्या डोळ्यांत होतं. धरलेलं त्यानं पाहिलंच नव्हतं! पडलेला पोरगा दिसला, लोक ओरडले आणि त्यानं मला उपसलं.

गेल्या मंगळवारी त्यानं मला खिशात कोंबलं आणि तडक दुकान गाठलं. आत चार माणसं. कात्री थांबली.

"बर्नी, मला दिसलं नव्हतं रे. ऊन होतं डोळ्यांत. तुझ्या पोराला मी उगाच बद्दू केलं. ही घे, चूक माझी!" असं म्हणून त्यानं मला स्वतःच्याच पायाशी आपटलं.

बर्नीनं कात्री खाली ठेवली. मग म्हणाला, "ग्रेगनं शर्ट धरला होता. चांगला मुठीत. त्याच संध्याकाळी जेवताना रडत सांगितलं त्यानं."

"काय? मग अकरा वर्षं माझ्या नावानं खडे फोडत होतास ते?"

"बाप आहे मी त्याचा! कुणाला सांगू नका म्हणाला. आणि तू तरी आलास का एकदा? बस खुर्चीत. काय हे डोक्याचं केलंय! मेंढीसुद्धा बरी भादरतात, गाढवा!"

"म्हणजे निकाल बरोबर होता!" एक जण उसळला.

"बरोबर कसला? न बघता दिला!" दुसरा ओरडला. झालं, पुन्हा सुरू!

खुर्चीत एमिल डोळे मिटून रडत होता आणि बर्नीची कात्री चालू होती. आपटल्यामुळे माझी गाठ सुटली होती. मक्याचे दाणे फरशीवर, एमिलच्या कापलेल्या पांढऱ्या केसांत विखुरले होते.

आता मी आरशाजवळच्या खुंटीवर असतो. लोक रोज माझ्याकडे बोट दाखवून भांडतात. भांडा बाबांनो, खुशाल भांडा. फक्त मला परत गाठ मारू नका.