शाळेतला मासा

सरावशाळेच्या तिसरीतल्या मुली आपल्या कामात मुरलेल्या होत्या. रत्नागिरीच्या ट्रेनिंग शाळेत शिक्षिका व्हायला आलेल्या बायका त्यांच्यावरच हात बसवून घेत, त्यामुळे एकेकीनं ‘गाय’ हा पाठ वीसदा आणि ‘मीठ’ पंधरादा ऐकलं होतं. शिकवणाऱ्या बाईला निदान एक चुकीचं उत्तर मिळावं लागतं, ते तिनं गोडीनं सुधारलं की गुण पडतात, हे त्यांना पक्कं ठाऊक. म्हणून त्यांनी आपसांत चुकायच्या पाळ्या लावून घेतल्या होत्या. आज पाळी मालनची होती.

मागच्या बाकावर गुणांचा तक्ता मांडीवर घेऊन बसलेल्या आनंदीबाईंना हेही माहीत होतं. सोळा वर्षांत त्यांनी ते बोलून मात्र कधी दाखवलं नव्हतं. नाटक छान बसलंय, तर पडदा आपण कशाला ओढायचा? शिवाय नाटक त्यांचंच होतं. एकोणिसाव्या वर्षी कपाळ पांढरं झाल्यावर त्या शिकल्या, शिकवायला लागल्या, आणि खात्यानं पाठवलेली इंग्रजी पुस्तकं शब्दकोशाच्या आधारानं वाचून त्यांनी चाळीस पाठांची टाचणं लिहिली. काय विचारायचं, मुलींनी काय उत्तर द्यायचं, सगळं त्यात. यंदा ती टाचणं छापून जिल्हाभर जाणार होती. गठ्ठा लाल नाडीनं बांधून कचेरीत तयार होता. परीक्षेला आलेले साहेब जाताना तो बरोबर नेणार होते. इतक्या वर्षांचं काम एकदाचं मार्गी लागत होतं, आणि आनंदीबाईंना वाटत होतं ते एवढंच, की आता जरा पाठ टेकावी.

फळ्यापुढे मथुरा उभी होती. मंडणगडाकडच्या डोंगरातली. नवरा मुंबईला गिरणीत गेला तो गेलाच. परीक्षेला बसायची ही तिची तिसरी खेप, आणि चौथी मिळत नाही. पास झाली तर गावाकडची शाळा. नाहीतर आहेच दिराच्या गोठ्यातलं शेण. चिठ्ठीत तिला ‘मासा’ आला होता.

मासा टेबलावर केळीच्या पानावर होता, आणि तो आहे हे पार व्हरांड्यापर्यंत कळत होतं.

“मासा पाण्यात का राहतो?” मथुरेनं विचारलं.

“त्याला घर नाय म्हणून,” मालन इमानानं चुकली. मथुरेनं गोडीनं सुधारलं.

“ताजा मासा कसा ओळखावा?”

सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, “कल्ले फिकट तो ताजा, कल्ले लाल तो शिळा!”

साहेबांनी नाकावरचा रुमाल क्षणभर बाजूला केला. “वा. बाई, तुमच्या टाचणांना तोड नाही.” त्यांनी कोऱ्या तक्त्यावर खाली सही केली. “गुण तुम्हीच भरा. मी जरा मोकळ्या हवेत बसतो.”

साहेब गेले. टाचणात पुढं होतं, ‘मुलींनी मासा हाताळून पाहावा.’ पण एकही मुलगी जागची उठेना.

“या ना गं,” मथुरा म्हणाली. “ताजा आहे. टाचणात सांगितलंय तसा बघून घेतलाय. मासळीवाली तांबड्या कल्ल्याचा देत होती, मी नको म्हटलं. मग हा दिला तिनं. वर हसली पण.”

पहिल्या रांगेत खसखस पिकली. मथुरेचा चेहरा उतरला. तिनं टाचण खाली ठेवलं.

“मग ह्याला वास का येतोय? मला खरंच कळत नाही गं. आमच्याकडे डोंगरात मासळी येते ती सुकी. कुणीतरी सांगा.”

आनंदीबाईंची पेन्सिल आपोआप तक्त्यातल्या नवव्या रकान्यावर गेली. ‘शिक्षिकेने वर्गासमोर अज्ञान प्रकट करू नये. दहा गुण वजा.’ हा नियमही त्यांचाच.

मुलींनी माना वळवून मागं आनंदीबाईंकडे पाहिलं. मग मांडवीची सगुणा उठली. तिची आई बंदरावर मासळी विकायची.

“बाई, रागवाल नाय ना? तांबड्या कल्ल्याचा तो ताजा. फिकट पडला का गेला. ह्यो परवाचा हाय.”

“अगं, मग मघाशी सगळ्या मिळून काय म्हणालात?” मथुरेनं विचारलं.

“ते शाळेतल्या माशाचं,” सगुणा म्हणाली. “शाळेतला मासा तसाच असतो ना?”

आणि मग वर्ग फुटला. डोळा खोल गेला की काय समजायचं, अंगठ्यानं दाबलं तर खळगा भरून येतो की नाही, एकीचं ऐकून दुसरी सांगायला लागली. मालन तर पाळी नसताना बरोबर बोलत होती. मथुरा टेबलाच्या कडेला टेकून ऐकत होती, मधेच विचारत होती. टाचण केळीच्या पानाखाली भिजून गेलं.

घंटा झाली. मुली गेल्या. आनंदीबाई तशाच बसून राहिल्या. पक्की प्रत करताना दोन ओळींची अदलाबदल झाली असणार. चुकलं ते त्यांना कळणार कसं? जन्मात त्यांनी माशाला बोट लावलं नव्हतं. टाचणांना मंजुरी देणारे खात्यातले तिघे, त्या तिघांच्याही घरी मासा शिजत नव्हता. आणि पन्नास-साठ बायका हेच शिकवून, पास होऊन, गावोगाव गेल्या होत्या.

“नापास ना, बाई?” मथुरेनं विचारलं. आवाजात रडू नव्हतं, नुसता थकवा होता.

“अज्ञानाचे दहा गेले. टाचण सोडल्याचे पंधरा. म्हणजे नापासच.” आनंदीबाईंनी चष्मा पुसला. “टाचण बरोबर असतं तर.”

चूक कागदावर आली की गठ्ठा पुन्हा सोडावा लागणार, हे त्यांना समजत होतं. त्या चाळीस टाचणांत भात होता, नारळ होता, होडी होती. त्यांनी कधी लावणी केली नव्हती, की वल्हं धरलं नव्हतं. त्यांना एकदम फार दमल्यासारखं झालं. तरी त्यांनी पेन्सिल ठेवून दौत ओढली आणि शेऱ्यात लिहिलं, ‘टाचण चुकीचे होते. शिक्षिकेने वर्गाला विचारून दुरुस्त करून घेतले. उत्तीर्ण.’

मथुरेनं ते उलट्या बाजूनं वाचलं आणि पदर तोंडाला लावला.

साहेब दारातूनच म्हणाले, “बाई, तो गठ्ठा?”

“आज नाही मिळायचा, साहेब. त्यात चुका आहेत.”

“आता? छापखान्याला कळवून झालंय. किती दिवस लागतील?”

“मुलींना विचारावं लागेल.”

“कुठल्या मुलींना?”

“तिसरीतल्या.”

साहेब थट्टा समजून हसले, मग हसायचे थांबले, आणि पुढच्या वर्गाकडे चालते झाले.

मथुरा मासा पानात गुंडाळून टाकायला निघाली.

“थांब,” आनंदीबाई म्हणाल्या. नाकाला पदर लावून त्या जवळ आल्या. पान उघडून पेन्सिलीच्या टोकानं त्यांनी हलकेच कल्ला उचलला आणि वाकून बराच वेळ आत बघत राहिल्या.