शालूला वारा द्यायचा दिवस

"डॉक्टर म्हनाला, आवडंल ते खायला द्या. आनि हिनं काय दिलं? वरन."

सासऱ्यांनी हे भिंतीला सांगितलं, पण मी ताट ठेवायला वाकले होते, त्यामुळे भिंतीच्या आधी ते माझ्या कानात शिरलं.

"बाबा, आज शालूचा दिवस ना," मी म्हटलं.

"म्हाईत हाय. शालूला वास लागतो. मला काय लागतं ते कोन इचारत नाय."

पालघरजवळच्या माहीमच्या आमच्या घरात एकादशी असो, संकष्टी असो, ताटात काहीतरी समुद्रातलं असतंच. भर पावसात होड्या वर ओढलेल्या असतात तेव्हाही सुकट असते. पण नवरात्र उलटलं आणि ऑक्टोबरचं ऊन चटके द्यायला लागलं की एक दिवस येतो, त्या दिवशी चूल फक्त डाळ बघते. त्या दिवशी माझ्या सासूबाई, काशीबाई, आपला लग्नातला शालू पेटीतून बाहेर काढतात.

तयारी आदल्या दिवसापासून. सुक्या बोंबलाची पोती शेजारच्या रखमाकडे जातात. रखमा दरवर्षी ती घेते आणि दरवर्षी नाक मुरडून म्हणते, "तुमचा शालू राजाच्या घरचा, नि मी काय गोदाम हाय?" मग ओटी दोनदा पुसायची. गॅलरीतल्या दोरीवर धुतलेली चादर टाकायची, कारण दोरीचा काथ्या रेशमाला ओरखडतो. आणि हात. जन्मभर पापलेट नि घोळ कापलेले हात ते. आई बेसनानं चोळतात, लिंबानं चोळतात, मग हुंगून बघतात, मग मला हुंगायला लावतात. मी उमरोळीची, भातशेतीवाल्यांची. लग्न होऊन आले तेव्हा सासूचे हात हुंगायला मिळतील असं कुणी सांगितलं नव्हतं.

वाऱ्याचंही त्यांचं ठरलेलं असतं. सकाळी वारा जमिनीकडून येतो, तो मतलई, कोरडा. दुपारकडे तो फिरतो आणि समुद्रावरचा खारा सुटतो. शालूला मतलई दाखवायचा, खारा दाखवायचा नाही. म्हणून सगळं काम जेवणाच्या आत. ऊनही दाखवायचं नाही, रंग उडतो. सावलीत, वाऱ्यात, मनुष्य दमल्यावर बसतो तसं त्याला जरा बसू द्यायचं.

पेटी लाकडी, दोन विटांवर ठेवलेली, भिंतीपासून हातभर लांब. लोखंडी कपाट आमच्या हवेत दोन पावसांत गंजतं नि गंज कापडावर उतरतो. पेटीत वेखंडाची पुरचुंडी, थोड्या लवंगा. शालू गुंडाळलेला असतो तो बाबांच्या लग्नातल्या धोतरात. धोतर आता इतकं मऊ झालंय की हातात घेतलं तर घेतल्यासारखं वाटत नाही.

"माझं धोतर हिच्या शालूच्या पहाऱ्याला," बाबा म्हणायचे. "धोतराला कोन वारा देत नाय."

माझा स्वतःचा शालू पालघरच्या दुकानातला. दुकानदारानं हौसेनं प्लास्टिकची पेटी फुकट दिली, मी हौसेनं त्यात डांबराच्या गोळ्या टाकल्या. जरीचा काठ काळा पडला, घडीवर पिवळे डाग उमटले. तो आता फोटोतच बरा दिसतो. आईंनी तो पाहिला आणि एवढंच म्हणाल्या, "शालूला श्वास लागतो गो. माणसासारका." त्यानंतर मला दर वर्षी घडी मोडायला बोलावू लागल्या.

घडी मोडणं हे खरं काम. गेल्या वर्षी ज्या रेषेवर दुमडला त्या रेषेवर या वर्षी दुमडायचा नाही. रेशीम एकाच जागी दुमडत राहिलं की तिथंच तुटतं. आम्ही दोघी दोन टोकांना उभ्या राहतो, डाळिंबी शालू मध्ये उलगडतो, सुरतेची जर अजून पिवळी असते आणि बाबा ओटीवरून ओरडतात, "जोरात वढू नका, बायको म्हातारी हाय."

हे असं का, ते मला आईंनी असंच एकदा घडी घालताना सांगितलं होतं. त्यांची सासू भागी, ऐन वैशाखात गेली. सवाष्ण गेली म्हणून बायकांनी तिचं लग्नातलं लुगडं काढलं. पेटी माजघरात, वर सुकटीची टोपली, कैक वर्षं कुणी झाकण उघडलेलं नाही. नेसवायला घेतलं तर प्रत्येक घडीवर लुगडं फाटत गेलं. ऊन वाढत चाललेलं, माणसं बाहेर खोळंबलेली. शेवटी बायकांनी जाळं विणायचा दोरा घेतला आणि तिच्या अंगावरच टाके घातले.

"मी सुई धरली होती," आई म्हणाल्या. माझ्याकडे न बघता, काठाकडे बघत. "माझ्या येळी तुला दोरा शोधायला लागायला नको."

मी तेव्हा नवी होते. मान हलवली आणि माझं टोक नीट धरलं.

मग पुढे कितीतरी वर्षं आम्ही त्या शालूची घडी मोडली नि घातली आणि ती गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही. काढायची गरजच नव्हती. लग्नातला शालू अंगावर घेऊन जायचं तर कुंकवासकट जायचं, म्हणजे बाबांच्या आधी. आईंनी ते ठरवून टाकलं होतं. बाबांना विचारलं नव्हतं.

आणि या पावसाळ्यात बाबांचे पाय सुजले. पालघरच्या डॉक्टरांनी हृदयाचं पंपिंग बघितलं, माझ्या नवऱ्याला, सुजितला, बाजूला घेतलं. बाहेर येऊन सुजित पाण्याची बाटली उघडत राहिला, उघडलेलीच होती ती. "घरी न्या म्हणाले," तो म्हणाला, "आवडेल ते खायला द्या म्हणाले." मला कळलं. बाबांना कळलं, कारण त्यांनी रिक्षात बसल्यावर सुजितच्या मांडीवर थापटलं. आई मात्र घरभर सांगत सुटल्या, "पथ्य काडलं. बरा हाय म्हनूनच काडलं ना?" आम्ही हो म्हटलं. काय म्हणणार.

तर असा या वर्षीचा शालूचा दिवस, आणि त्यात आमची लेक सलोनी सुट्टी काढून आलेली. बोईसरच्या एका कंपनीत ती लॅबमध्ये काम करते. मार्गशीर्षात तिचं लग्न आहे, निमेशशी, तो तारापूरचा.

शालू दोरीवर पसरला तशी ती गॅलरीच्या दारात येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "आजी, लग्नात मी हाच नेसणार."

आईंनी काठ सारखा केला. "हा? जुना हाय तो. फाटंल."

"आत्ता तर म्हणालीस, बघ कसा कडक हाय."

"कडक हाय. पन मांडवात घाम किती येतो. घामानं जर काली पडते."

"एसी हॉल आहे आजी."

"एसीत..." आईंनी विचार केला. "एसीत गारवा धरतो."

"आई, तू सांग ना हिला," सलोनी माझ्याकडे वळली.

मी म्हटलं, "ब्लाउज कुठला घालणार याच्यावर? रंग मिळायचा नाही." अगदीच पडेल मुद्दा होता. सलोनीनं माझ्याकडे जे बघितलं ते तिच्या आजीसारखंच होतं.

"पप्पा?"

सुजित ओटीवर बाबांच्या शेजारी बसला होता. त्यानं मोबाइल तोंडासमोर धरला. "निमेशच्या घरून येणार ना शालू? त्यांना वाईट वाटेल."

"त्यांना विचारलंय. त्याची आई म्हणाली, आजीचा असेल तर नशीब. तो मी वरातीला नेसेन, हा लग्नाला."

सगळे मुद्दे संपले. रखमा तेवढ्यात कुंपणाशी आली होती, ती म्हणाली, "काशीबाई, दे की. पेटीत ठेवून त्याला काय पिल्लं होनार हायेत?" आणि आईंचा चेहरा बघून, दूध उतू जातंय असं काहीतरी पुटपुटत निघून गेली. तिच्याकडे गाय नाही, आणि दुधाची पिशवी दुपारी येते.

तेव्हा बाबा बोलले, पण भलतंच.

"सलोनी, इकडं ये. तो कोपरा बघ पदराचा. पांडरा डाग हाय ना? नकाशासारका?"

"हो."

"समुद्र हाय तो. हिची वरात दातिवऱ्यावरनं होडीतनं आली. तवा रस्ता कुटं होता असा? सगली होडीत, वाजंत्रीसकट. केळव्याच्या समोर आलो नि लाट आली. हिचा बा ओरडला, शालू! पोरगी नाय, शालू ओरडला. मी उपरनं काडलं नि हिच्या पायावर टाकलं. तरी तेवडा कोपरा भिजलाच."

"उपरनं टाकलं म्हने," आई म्हणाल्या. हात शालूवरच होते, पण आवाज मऊ झाला होता. "टाकलं, नि मग थंडीनं कुडकुडला. सनईवाला हसला. घरी येईस्तवर यांच्या नाकातनं पानी. लग्नाच्या फोटोत बग, नवरा शिंकतोय."

"शिंकत नवतो, हसत होतो."

"शिंकत होते."

"बरं, शिंकत. पन सासूनं तुला काय सांगितलं उतरल्या उतरल्या?"

"गोड्या पान्यानं फडकं ओलं करून डाग टिपला त्यांनी. चोलला नाय, टिपला. म्हनाल्या, खारं पानी जरीला खातं." आई जरा थांबल्या. "मला जेव म्हनायच्या आदी डाग टिपला."

सलोनी हसली. सुजितही हसला, मीही. मला तो डाग रोज दिसत असल्यासारखा पाठ होता, पण बाबा ज्या सुरात ते सांगत होते त्या सुरात होडी खरंच हलत होती. खाडीच्या तोंडाशी वाजंत्री, पिवळ्या अक्षता लागलेली एक मुलगी, आणि ओलं उपरणं. मला वाटलं, टळलं. चहा ठेवायला मी उठले.

पण सलोनीनं हसता हसता पदराचं ते टोक उचललं आणि आपल्या खांद्यावर टाकलं. टाकून आरशाकडे वळली. खोटं कशाला सांगू, तिच्या रंगाला तो असा काही उठला की मी दारातच थांबले.

"नको!" आई म्हणाल्या. त्यांनी पदर तिच्या खांद्यावरून ओढला. इतक्या वर्षांत शालू कुणी ओढलेला मी बघितला नव्हता, आणि ओढला तो त्यांनी.

सलोनी रागावली नाही, तिला लागलं. डोळे भरले. "मी हात धुतलेत आजी. दोनदा."

"तसं नाय गो."

"मग कसं? कुणासाठी ठेवलायस? दर्पणच्या बायकोसाठी?" दर्पण म्हणजे तिचा धाकटा भाऊ, अजून कॉलेजात.

"नाय."

"मग?"

"माझ्यासाठी."

"तू कधी नेसणार आहेस?"

आईंनी काठ पुन्हा सारखा केला. मी चहाचं भांडं हातात धरून उभी. सुजित मोबाइलमध्ये असं काही बघत होता की जणू सगळं जग त्यातच होतं. सलोनी एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि आमच्यापैकी प्रत्येकानं दुसरीकडे बघितलं.

माडांच्या झावळ्या उलट्या वळल्या. वारा फिरला होता. आईंनी लगबगीनं शालू दोरीवरून घेतला, "चल उन्नती, धर, धर," म्हणाल्या. मी भांडं खाली ठेवलं, माझं टोक धरलं. घडी दोनदा चुकली. तिसऱ्यांदा त्या गेल्या वर्षीच्याच रेषेवर दुमडायला लागल्या. मी सांगणार होते, पण त्यांच्याकडे बघून सांगितलं नाही.

"काशे," बाबा म्हणाले.

"थांबा वाईच. खारा सुटलाय."

"सुटू दे. ठेव ते खाली."

त्या थांबल्या. शालू आमच्या दोघींच्या हातात, मध्ये लोंबत. बाबांनी भिंतीला हात लावला आणि उठायचा प्रयत्न केला. सुजित पुढे झाला, त्याला त्यांनी हातानंच नको म्हटलं आणि बसूनच राहिले.

"तू त्याला जपलंस," ते म्हणाले, "ते का जपलंस ते मला पयल्यापासनं म्हाईत हाय. माझ्या आयला दोऱ्यानं टाके घातले, तवा मीबी दारात होतो."

"आता हे कशाला?" आई म्हणाल्या. "पोर लग्नाची हाय घरात."

"पोर हाय म्हनूनच. लग्नानंतर मी हा शालू कायम आडवा बघितला. पेटीत आडवा, दोरीवर आडवा. तुझ्या अंगावर उभा बघितला तो एकदाच, नि तवा मी शिंकत होतो म्हने. आता पोरीच्या अंगावर एकदा उभा बघू दे."

"बघाल की. देनार नाय असं कुटं म्हनाले? पन मी..." त्या माझ्याकडे बघत होत्या, जणू पुढचे शब्द माझ्याकडे ठेवायला दिले होते.

बाबांनी सलोनीकडे बघितलं, सुजितकडे बघितलं, आणि मग बराच वेळ आईंकडे.

"काशे," ते म्हणाले, "तुझ्या आदी मी जानार हाय गो."