चहाबरोबरची गोळी

बशीच्या कडेला ती थायरॉइडची पांढरी गोळी, शर्टाच्या बटणाहूनही लहान, शेजारी कॅल्शियमची जाडजूड गोळी, आणि वर दुधाच्या चहाची वाफ… धाकटी बघत राहिली. ताईने दोन्ही गोळ्या एकदम तोंडात टाकल्या, चहाचा मोठा घोट घेतला, मान वर करून गिळल्या. गळ्यात शिट्टी होती. ताई शाळेत खेळाची बाई; मैदानावर मुलांना पळायला लावायची ती शिट्टी घरूनच घालून निघायची.

“उपाशीपोटी घ्यायची म्हणे,” ताई म्हणाली. “घेते की. चहा काय खाणं आहे?”

धाकटीचं एक वाक्य पुरलं असतं: नुसत्या पाण्याबरोबर घे, तासभर चहा नको, कॅल्शियम दुपारी जेवल्यावर, नाहीतर गोळी अंगाला लागतच नाही. तिला स्वतःला, हीच गोळी घेताना, हे कळायला अख्खं वर्ष गेलं होतं. गोळीचा डोस वाढत होता, रक्ताच्या रिपोर्टातला आकडा काही खाली येत नव्हता, आणि शेवटी डॉक्टरीणबाईंनीच विचारलं होतं, गिळता कशाबरोबर हो? — तर माझं वर्ष गेलं, हिचेही थोडे महिने जाऊ देत की. काय बिघडतं? बरं वाटत होतं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटत होतं.

कारण हीच ती ताई. ‘गोगलगाय’ हे नाव हिनंच ठेवलेलं. सकाळी अंगावरचं पांघरूण ओढून काढणारी, “ऊठ, सोंगं पुरे” म्हणणारी. आणि हिला काय ठाऊक, की भर उन्हाळ्यात पाय गार पडायचे, कंगव्यात केसांचा पुंजका यायचा, जिना चढताना मांड्या उचलायच्याच नाहीत — आणि ही वरच्या पायरीवरून शिट्टी वाजवायची, सगळे खो खो हसायचे, आईसुद्धा. आणि तो… त्याच्याशी माझं लग्न ठरल्यातच जमा होतं. जेवायला आला होता, आणि ताई भाजी वाढता वाढता म्हणाली, “नीट विचार कर हं बाबा, ही उठून दार उघडेपर्यंत तू म्हातारा होशील!” तो हसला. मीही हसले. पुढे तो येईनासा झाला, आणि का म्हणून विचारायला जाणंही मला झालं नाही, इतकी झोप यायची.

मग डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं. शरीर आपल्याच गळ्यातल्या ग्रंथीला परकं समजतं आणि कुरतडत राहतं. हे जात नाही, जन्मभर गोळीवर सांभाळायचं. त्यांना वाटलं, मला समजायला जड जाईल. छे! आमच्या घरात वाढलेल्या माणसाला ते एका फटक्यात कळतं.

“आकडा पुन्हा वाढलाय,” ताई म्हणाली. आवाज घोगरा झाला होता, पापण्या सुजलेल्या. “पुढचाही रिपोर्ट असाच आला तर मैदान सोडा, ग्रंथालयात बसा, म्हणाल्या हेडबाई. मैदान गेलं तर मी काय करू गं? परवा उभ्या उभ्या डुलकी लागली मला. मुलं हसली.”

“खूप हसली?” धाकटीने विचारलं.

“खूप.”

धाकटीने चहा ढवळला. ढवळायला त्यात काही उरलं नव्हतं.

“तुझा कसा उतरला गं आकडा?”

“नशीब.”

ताईने कप खाली ठेवला. मग टेबलावरून हात पुढे करून तिने धाकटीचा हात धरला. ताईचा बर्फासारखा गार हात. “तुला खरंच उठवत नव्हतं ना तेव्हा?” ती म्हणाली. “काय काय बोलले गं मी तुला…”

हे ऐकायला किती वर्षं कान आसुसले होते! ते वाक्य धाकटीच्या जिभेवर आलं — नुसत्या पाण्याबरोबर — आणि तिथेच अडलं. कारण हल्ली ताई दुपारी फोन करते, काही काम नसताना. सुट्टीच्या दिवशी येते, दोघी एकाच पलंगावर एकाच चादरीत पडून राहतात. रस्त्याने चालताना ती मागे पडते आणि म्हणते, थांब ना गं जरा. मला, थांब म्हणते! बरी झाली की ताडताड जिना उतरून जाईल, फोन करायला तिला वेळ कुठला, आणि हे हात धरणंबिरणं सगळं आजारपणातलं म्हणून विसरूनही जाईल.

“घे ना अजून अर्धा कप,” धाकटी म्हणाली.

सूड असता तर मघाशी ते ‘खूप’ ऐकलं तेव्हाच फिटला असता. फिटला नव्हता. तिला ताई हवी होती — ही, गारठलेली, मागे पडणारी — आणि ती बरी होईल याचीच तिला धास्ती होती, हे कळलं तशी धाकटीला स्वतःची शिसारी आली. आली, आणि तरी तिने तो हात सोडला नाही; उलट दुसऱ्या हाताने चोळून तो उबदार करायला लागली.