आबांची फुलं

डोहाकाठच्या वस्तीतल्या मगननं वाकून पाण्यातला जांभळा तुरा खुडला आणि बेबाबाईच्या ओंजळीत ठेवला.

"आबानं रूप शे, अक्का. जठे अस्थी सोड्यात, तठेच उगनं."

तापीच्या या डोहात तिच्या वडिलांच्या, तोतारामआबांच्या, अस्थी सोडून वर्ष झालं होतं. आज वर्षश्राद्ध. काठालगत पाणी दिसतच नव्हतं. फुगीर देठांची हिरवी पानं दाटली होती. जवळच्या खडकाला कुणीतरी हळदकुंकू वाहिलं होतं.

ही जलपर्णी बेबाबाईच्या ओळखीची होती. माहेरच्या गावचं तळं हिनंच गिळलं होतं.

उन्हाळ्यात आबा तळ्यातली नाव गाडीवर घालून इथं मासे धरायला आणत. पण त्याआधी ती काठावर पालथी घालत, फटींतली मुळं खरवडून काढत आणि लाकूड कडकडीत वाळेपर्यंत तिला हलवत नसत. लोक हसायचे, तोताराम नावेला बाळंतिणीसारखं शेकतो म्हणायचे. फटींत बोटं घालायचं काम लहानग्या बेबीचं.

"या पाणीनं त्या पाणीले लावानं नही," आबा सांगायचे.

अस्थी आबांच्याच नावेतून सोडायच्या, हा हट्ट तिचा. गेल्या वर्षी नाव तळ्यातून काढताना धाकटा भाऊ लोटन म्हणाला होता, "वाळू दे, अक्का. आबा ओली कधीच नही नेत."

सासरची मंडळी धुळ्याला परतायची म्हणून जीपमध्ये बसून होती.

"आज एक दिवस काय होतंय?" असं तिनं म्हटलं, आणि नाव निथळतच ट्रॉलीवर चढली.

"काही जण उपटाले उनथात," मगन सांगत होता. "मी बठ्ठास्ले हाकली दिधं. आबाले हात कोण लावी?"

लोटन खाली मान घालून पत्रावळीवरचे पिंड सारखे करत होता. त्या ओल्या नावेचं तो वर्षभरात कुणाजवळ बोलला नव्हता.

एक पुंजका काठापासून सुटला आणि हलकेच प्रवाहाला लागला. खालच्या अंगाला दुसऱ्या गावाच्या नावा बांधलेल्या दिसत होत्या.

बेबाबाईनं तुरा खडकावर ठेवला, पदर खोचला आणि ती पाण्यात उतरली.

"अक्का! आबा शे तो!"

"आबा नहीत, मगनभाऊ. हाई मी आणेल शे."

तिनं पुंजका धरला. काळी, लांबलचक मुळं हाताला बिलगली. मगनकडे न बघता ती काठ चढली आणि तापल्या खडकावर, मुळं वर करून, तिनं तो उन्हात पालथा घातला.