तीन पदरी वेणी

कागदाच्या कारखान्यातला रोलर पंधरा दिवसांत दोनदा आपोआप धावला. दुसऱ्या वेळी त्यावर काम करणाऱ्या नणंदेची बोटं थोडक्यात वाचली, आणि वर ठपकाही तिच्यावरच आला.

"हिनेच बटण दाबलं असणार," फोरमन म्हणाले. "संध्याकाळपर्यंत दुसरं कारण दाखवा, नाहीतर ही उद्यापासून घरी."

"वहिनी, तुझी शप्पथ, माझे हात बटणापासून लांब होते गं!"

"ठाऊक आहे, वन्सं. कामापासूनही लांबच असतात." नणंद रडता रडता हसली.

वहिनी कारखान्याची वायरमन. तिच्याआधी तिचे वडील, अप्पा. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. तिने त्यांचा खिशातला रेडिओ काढला. स्टेशन नसलेल्या जागी काटा ठेवून केबलीच्या कडेने चालायचं. विजेचा गोंगाट जिथून गळतो तिथे रेडिओ ओरडतो, ही त्यांचीच शिकवण.

सगळ्यांना लांब उभं करून तिने ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग ठरवणारी नवी पेटी, चालू केली. पेटीपाशी नुसती खरखर. वहिनी मोटरकडे जाऊ लागली तसा खरखरीला सूर फुटला. शीळ. कामात हात गुंतले की अप्पा घालत तशी, दातांतून, बेसूर.

"कोण शीळ घालतंय?" लांबून नणंदेने विचारलं.

 वीज बंद करून वहिनीने मोटरवरचं झाकण उघडलं. केबलीवरची तांब्याची जाळी तीन पदरी वेणीत गुंफून अर्थिंगला बांधलेली. टोकाला उलटी गाठ. लहानपणी, आई गेल्यावर, अप्पा तिची वेणी घालत, तशीच. जुन्या मोटरींना असली वेणी चालून जाई. नव्या ड्राइव्हला जाळी सगळ्या बाजूंनी धातूच्या पट्टीत आवळावी लागते, नाहीतर गोंगाट वेग मोजणाऱ्या तारेत शिरतो आणि रोलर भलतंच ऐकून धावतो.

ही केबल महिन्यापूर्वी तिनेच जोडली होती. पट्टी लावल्याचं लख्ख आठवत होतं. पण पट्टी तिच्या पिशवीतच निघाली, न उघडलेल्या वेष्टनात.

तिने वेणी सोडून जास्तीचं टोक कापलं. पट्टी आवळून तिने वीज दिली. रेडिओ गप्प.

"साहेब, वन्संचा दोष नाही. जोडणी माझ्या हातची."

"तुमच्या हातची?" फोरमन पुढे आले. "इतक्या वर्षांत एक चूक नाही तुमची, बाई. झालं काय?"

तिने खाली पाहिलं. उरलेल्या तांब्याच्या तारा तिच्या बोटांत होत्या. निम्मी वेणी घालून झाली होती.