नत्थूजीचा ओला दुपट्टा

नवतपा लागलेला, मे अखेरचे ते भाजणारे नऊ दिवस, पारा शेहेचाळीसवर, दुपारचे बारा. अशा वक्ताले आमच्या आंजी गावात कुत्रंसुद्धा नालीतून बाहेर निघत नाई. अन् त्या दिवशी मारोतीच्या पारापुढं अडीचशे माणूस उघड्या डोक्यानं उभं होतं. डोक्याले दुपट्टा नाई, पायात चप्पल नाई. कपाळावर राखेचे तीन-तीन पट्टे, अन् चेहऱ्यावर असं सुख, जशी सगळ्यायच्या घरी एसी लागली.

"माय माय, काय थंड वाटून राह्यलं वं!" रुख्मिणीबाई डोळे मिटून डुलत होती. ही बाई आमच्या गावची सगळ्यात संशयी. भाजीवाल्याचा काटा दोनदा तपासल्याशिवाय वांगं घेत नाई. तीच डुलत होती.

पारावर शीतलनाथ महाराज. पोट मोठं, दाढी त्याहून मोठी. बोलणं हिंदीत, पण पायाले ठेच लागली की "आई गं" मराठीत.

"सूरज कौन है? हमारा चेला है! हम बोले बैठ, तो बैठता है. भस्म लगाव! पाणी छोडो, छत्री छोडो, दुपट्टा छोडो. दुपट्टा बांधा मतलब सूरज से डर गया. और जो डर गया, उसीको सूरज काटता है!"

"जय शीतलनाथ!" अडीचशे जण ओरडले.

मी समोर माझ्या पानठेल्यात बसून हसू दाबत होतो. त्या भस्मात थंडावा कुठून आला, हे गावात दोनच माणसायले माहीत होतं. एक महाराज, दुसरा मी.

पहिल्यांदा टाकला तो मीच.

मी ओमप्रकाश. वय एक्कावन्न, अक्कल पंधराची. गावातल्या अर्ध्या लोकायच्या सदऱ्यात मी कधी ना कधी खाजकुयली टाकली आहे. ग्रामसभेत सरपंच बोलाले उठले अन् त्यायच्या मोबाइलमधून गाढव ओरडलं, ते काम माझंच. लोकं शिव्या देतात, मंग हसतात, मंग पान खातात. आपला धंदा असाच चालते.

तर हा महाराज आला, तवा त्याचं भस्म म्हणजे साधी गोवरीची राख होती. "उन्हाची बाधा होत नाई" म्हणून वाटत होता, पण कोणी फारसं घेत नव्हतं. मले वाटलं, चला, याची जिरवू. रोज सकाळी बोरिंगवर आंघोळ झाली की तो ती राख अंगभर चोळे. एक दिवस तो डोक्यावर पाणी घेत होता, तवा मी त्याच्या डब्यात मूठभर पिपरमेंट कुटून टाकलं. आपण पानात टाकतो तेच. पुदिन्याच्या अर्काचे काचेसारखे खडे. चिमूटभरात तोंडात हिमालय.

महाराजानं ती राख लंगोटाच्या आत-बाहेर सगळीकडं चोळली. अन् मंग जो नाचला! दोन फूट उडाला, "आई गं, आई गं" करत पाराभोवती तीन चकरा मारल्या. मी ठेल्यामांगं लोळून हसलो.

पण आपलं गाव! रुख्मिणीबाईनं हात जोडले. "अंगात आलं, अंगात आलं!" कोणीतरी खाली सांडलेली राख कपाळाले लावली. घामावर पिपरमेंट लागलं. "थंडगार आहे वं माय!"

झालं. चमत्कार जन्मला.

दुपारी महाराज ठेल्यावर आला. पान उचललं, हुंगलं. माझ्याकडं पाह्यलं.

"बेटा, ये ठंडक का डिब्बा और है क्या?"

तवाच ओरडून सांगतलं असतं तर गोठ तिथीच संपली असती. मी अख्खा डब्बा त्याच्या झोळीत टाकला. पैसे नाई घेतले. लालचेनं केलं असतं तर आज काही तरी समजूत काढता आली असती मनाची. मी मजेसाठी केलं. आतापर्यंत एकेकाले उल्लू बनवलं होतं. हे तर पूर्ण गाव होतं, अन् गंमत एकट्या माझी.

आता नत्थूजीची गोठ सांगतो. लहानपणापासूनचा माझा दोस्त. बँडपार्टीत ट्रम्पेट वाजवे. लग्नाचा हंगाम भर मे महिन्यात, त्यात तो लाल मखमली कोट, त्यावर सोनेरी दोऱ्या. दुसरा माणूस एका वरातीत आडवा झाला असता. नत्थूजीनं वीस उन्हाळे काढले. कसे? टोपीखाली ओला दुपट्टा, कोटाच्या खिशात पाण्याची बाटली, अन् दर दोन गाण्यांनंतर झाडाची सावली. लोकं हसत, "नत्थूजी बँडवाला आहे का कूलर?" म्हणत. तो हसे अन् दुपट्टा पुन्हा भिजवे.

त्या दिवशी पारावरून तो सरळ ठेल्यावर आला.

"ओम्या, तू लावलं का बे भस्म?"

"लावलं ना."

"खरंच ऊन लागत नाई?"

"अबे, परवा तर मले कुडकुडी भरली. घरी जाऊन गोधडी घेतली!"

तो खदखदा हसला. गळ्यातला दुपट्टा काढून माझ्या हातात दिला. "ठेव मंग इथी. याच्यानं लय मान अवघडते."

मी तो खिळ्याले टांगला.

दुसऱ्या दिवशी वरात स्टँडवरून ठेल्यापुढं आली. पुढं पोट्टे नाचून राह्यले, मांगं घोडीवर नवरदेव, मधात नत्थूजी. कपाळावर भस्म, डोकं उघडं. अन् ऐन नाचाच्या गाण्यात ट्रम्पेटमधून भलतीच चाल निघाली. प्रेतयात्रेत वाजवतात ती.

सगळे हसले. मी तर टाळी वाजवली. मले वाटलं, नत्थूजी आज माझ्यावर गेला! भर वरातीत मस्करी!

तो मस्करी करत नव्हता. त्याले आपण कुठी आहो, तेच कळत नव्हतं. आम्ही हसत राह्यलो अन् तो ट्रम्पेटसकट डांबरावर पडला.

धावत गेलो. कपाळाले पिपरमेंटचा वास, अन् मानेले हात लावला तर तवा. घामाचा थेंब नाई. कोरडी मान, तापलेली.

"भस्म लावा! अजून लावा!" लोकं ओरडले. रुख्मिणीबाईनं कमरेची पुडी काढून त्याच्या तोंडावर चोळली. अन् मी, ज्याले सगळं माहीत होतं, तो तोंड उघडून नुसता पाहत राह्यलो. किती वेळ? अर्धा मिनिट असन. मले तो अर्धा मिनिट अजून संपला नाई.

मंग ठेल्यावरचा पूर्ण माठ त्याच्या अंगावर ओतला, गाडीत टाकलं अन् सावंगीच्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टर इला मॅडम. वय असन सत्तावीस-अठ्ठावीस. ताप एकशे सहा निघाला. बर्फ, सलाईन, पंखे, सगळं केलं. मंग बाहेर येऊन मले विचारलं, "काका, यांच्या तोंडाला काय लावलंय?"

"भस्म. पिपरमेंटचं."

"पेपरमिंटनं थंड होत नाही हो काही, फक्त थंड वाटतं. कातडीतल्या ज्या नसा थंडी ओळखतात, त्यांना ते फसवतं. अंग आत तापतच राहतं आणि माणसाला पत्ता नसतो. पाणी प्यायचं नाही, डोकं उघडं टाकायचं, हे कोणी सांगितलं यांना?"

"महाराजानं," मी म्हणलो.

खरं होतं. अर्धं.

बाकावर कोकिळावहिनी, नत्थूजीची बायको, पदर तोंडात धरून बसली होती. मले म्हणते, "भाऊजी, त्यायचं भस्म इथल्या नर्सनं पुसून टाकलं. महाराजाकडून अजून आणून द्या ना."

"उद्या परिक्रमा आहे ना नवतप्याची," ती म्हणाली. "बारा वाजता, गावाभोवती, अनवाणी. मी बी चालणार. निर्जळी. महाराज म्हणे, तुझा धनी उठून बसन."

एक आत पडला होता, अन् दुसरी माझ्याच डब्याच्या भरवशावर उन्हात चालाले निघाली होती.

सकाळी नऊ वाजता मी पारावर चढलो. हात जोडले अन् सगळं सांगतलं. डब्बा, पिपरमेंट, बोरिंग, सगळं. सांगता सांगता रडलो.

गाव हसलं.

"ओम्या, मागच्या शिमग्यात बी असाच रडला होता तू!"

"चांगलं करते रे! नाटकात जाय!"

महाराज दाढी कुरवाळत म्हणाला, "बच्चा मजाकिया है. माफ किया."

पस्तीस वर्षं खोटं बोलून लोकायले हसवलं. आता खरं बोललो तर त्याचंही हसूच झालं. रागानं डोकं फिरलं, पण मंग आतला जुना बदमाश जागा झाला. म्हणलं, ठीक आहे. एक शेवटची मस्करी.

"चुकलो महाराज," मी पाय धरले. "नत्थूजीसाठी एवढं करा. ही पाण्याची बाटली. तुमच्या हातानं सगळीकडून भस्म फासून द्या. बारा वाजेपर्यंत उन्हात ठेवतो. तुमच्या भस्मापुढं सूर्याची काय हिंमत? थंडगार पाणी निघन, ते वहिनी दवाखान्यात घेऊन जाईन."

अडीचशे लोकं पाहत होते. महाराजाले नाई म्हणता येईना. फासलं बिचाऱ्यानं, चांगलं बोटभर जाड.

मी दुसरी बाटली घेतली. त्याच नळाचं पाणी. ठेल्यावरून नत्थूजीचा दुपट्टा आणला, भिजवला, बाटलीले गुंडाळला. दोन्ही बाटल्या पाराच्या कठड्यावर ठेवल्या अन् रुख्मिणीबाईले म्हणलं, "मावशी, मले हातही लावू देऊ नका. फक्त हा दुपट्टा सुकला की तुम्हीच पाणी शिंपडा."

"तू तर जवळ येऊनच पाह्य," ती म्हणाली अन् काठी घेऊन बसली.

बारा वाजले. परिक्रमेले लोकं जमले. कोकिळावहिनी पुढं, पाय आत्ताच भाजून राह्यलेले, ओठ पांढरे.

"वहिनी, आधी तुमची बाटली घ्या," मी म्हणलो. "भस्मवालीचं पाणी हातावर ओता."

तिनं ओतलं. "हाय माय!" म्हणून हात झटकला. पाणी असं, चहापत्ती टाकली तर रंग यावा.

"आता दुसरी."

तिनं दुसऱ्या हातावर ओतलं. दोन्ही हातायकडं पाहत राह्यली. मंग ती बाटली तोंडाले लावली अन् सगळ्यायपुढं, घटाघटा, निर्जळी मोडून, रिकामी केली.

रुख्मिणीबाईनं ती रिकामी बाटली हातात घेऊन उलटीपालटी करून पाह्यली.

"बाटलीले कातडी नसते ना मावशी," मी म्हणलो. "म्हणून तिले महाराजाचं भस्म फसवू शकलं नाई. आपल्याले कातडी आहे, आपण फसलो. अन् या ओल्या दुपट्ट्यात कोणता मंतर आहे? पाणी वाफ होऊन उडते, जाताना गर्मी घेऊन जाते. आपला माठ असाच. कूलर असाच. आपला घाम बी असाच. पाणीच नाई पेलं तर घाम कुठून येईन? नत्थूजीले घाम आला नाई, म्हणून तो पडला."

रुख्मिणीबाईच्याच चुलीतली राख आणली. ठेल्यावरचं पिपरमेंट सगळ्यायपुढं कुटून त्यात टाकलं. तिनं कपाळाले लावलं, डोळे मिटले, उघडले. मंग काठी उचलली.

"थांब रे शीतलनाथा!"

पण शीतलनाथ आर्वीच्या एसटीत चढला होता. डब्बा पारावरच राह्यला. कोण्या गावात आता तो कोणता डब्बा घेऊन बसला असन, देव जाणे. पोलिसात मी तक्रार दिली. माझंही नाव लिहा म्हणलं. हवालदार हसला. "ओमभाऊ, तुम्ही बी ना!"

हवालदार हसला, पण त्या दिवशी पारावर एक जण हसली नाई. कोकिळावहिनी बाटलीवरचा दुपट्टा सोडत होती. तिनं तो ओळखला.

"भाऊजी, हा त्यायचा. तुमच्याकडं काऊन होता?"

भस्माची कबुली मी दिली होती. ही दिली नव्हती. "मीच म्हणलो त्याले, मी लावलं अन् मले कुडकुडी भरली. म्हणून त्यानं काढून दिला."

वाटलं, वहिनी थापड मारन. मारली असती तर बरं झालं असतं. तिनं ओला दुपट्टा डोक्याले बांधला, चपला घातल्या अन् सावंगीच्या ऑटोत बसून गेली.

नत्थूजी अठरा दिवसांनी घरी आला. चालताना झोकांड्या जातात. हात थरथरते, ट्रम्पेटवर बोटं बसत नाईत. बँडवाल्यायनं दुसरा माणूस घेतला. तो आता दुपारभर माझ्या ठेल्यावर बसते. त्याले मी सगळं सांगतलं. तो म्हणाला, "ओम्या, माझी चाल चुकली तवा तू टाळी वाजवली ना? दिसलं होतं मले."

म्हणून सांगतो बाबांनो, माझ्यासारख्या माणसाचं ऐका, कारण फसवणूक कशी करतात ते मले माहीत आहे. कोणी म्हणलं पाणी सोडा, दुपट्टा सोडा, दवाखाना सोडा, तर आधी त्या माणसाले सोडा. उन्हात तहान लागायची वाट पाहू नका. डोकं ओलं ठेवा, सावली धरा. कोणी उन्हात येड्यासारखं बोलाले लागला तर हसू नका. अंगावर पाणी ओता अन् गाडी काढा. अन् कोणताही चमत्कार आधी बाटलीवर करून पाहा, मंग माणसावर.

पिपरमेंट मी ठेवत नाई आता. गिऱ्हाईक म्हणते पान फिकं लागते. लागू दे.

दुपारी दर अर्ध्या तासानं मी नत्थूजीचा दुपट्टा भिजवतो, पिळतो, त्याच्या डोक्यावर ठेवतो. तो डोळे मिटून म्हणते, "थंड वाटून राह्यलं रे."

तरी मी त्याच्या काखेत थर्मामीटर लावून पाहतो.