शेऱ्याचा रकाना

अकबरीखाला माप घेताना आकडे मोठ्याने बोलत नाही. अमळनेरमधले बाकीचे शिंपी टेप लावतात आणि आकडा ओरडतात. पलीकडे बसलेला कारागीर लिहून घेतो. खाला पडदा ओढते, टेपवरच्या आकड्यावर अंगठा दाबून धरते आणि बाहेर येऊन स्वतःच लिहिते. त्यामुळे तिच्याकडे पारोळ्याहूनसुद्धा बायका येतात.

मी तिच्या बहिणीची मुलगी, अफिफा. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाले आणि नोकरी लागेपर्यंत तिच्या दुकानात काजं-बटणं करते. खालाच्या मते माझी काजं सुबक येतात, फक्त एका ब्लाउजला मी इतका वेळ लावते की तोवर गिऱ्हाईक जाड होतं.

रमजानच्या गर्दीत "आपा, माझं झालं का?" अशा फोनांनी खाला वैतागली, तेव्हा तिच्या मुलाने, अतिकभाईने, एक युक्ती काढली. त्याचं मोबाइलचं दुकान आहे. त्याने क्लाउडवर एक तक्ता केला. पहिल्या पानावर गिऱ्हाइकाचं नाव आणि कपडा तयार आहे की नाही. दुसऱ्या पानावर मापं आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. लिंक त्याने दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला लावली. फोन बंद झाले. टाइप करायला खालाला जमत नाही, म्हणून ती शेरे बोलून भरायची. ती बोले, फोन लिहून घेई.

परवा दुपारी डिंपल लेहंग्याचा ब्लाउज न्यायला आली. आल्या आल्याच हसत सुटली.

"आपा, आमच्या जाऊबाई कंबर चौतीस सांगत होत्या हो सगळ्यांना! अडतीस निघाली."

खालाची कात्री थांबली. "तुला कोणी सांगितलं?"

"तुमच्याच लिंकमध्ये आहे ना. खाली दुसरं पान आहे, तिथे सगळं लिहिलेलं आहे."

बाकावर बसलेली दगडीबाई लुगड्याचा पदर तोंडाला लावून हसली. "मनी कंबर तं बठ्ठा गावले माहीत शे. मना काय जास?" सगळ्या गावाला माहीत असलेलं लपवायचं काय, असं तिचं म्हणणं.

खाला हसली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या फोनवर लिंक उघडली. नाव विचारलं नाही, पासवर्ड विचारला नाही, तक्ता सरळ समोर आला. दुसऱ्या पानावर गेले आणि शेवटच्या रकान्यापर्यंत सरकले.

'पाचवा महिना, शिलाईत जागा ठेवणे.' 'उजवा खांदा उतरता, पॅड घालणे.' आणि मोहिनी मॅडमच्या नावापुढे: 'डावीकडे भरलेला कप, तळाशी मोहरी. कोणाला बोलायचं नाही.'

शेवटचं वाक्य खाला मला उद्देशून बोलली होती. फोनने तेही लिहून घेतलं होतं.

मोहिनी मॅडम मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवतात. दोन वर्षांपूर्वी कॅन्सरमुळे त्यांची डावी छाती काढावी लागली. त्या मुंबईला ऑपरेशन करून आल्या आणि शाळेत सांगितलं, पाठीचं दुखणं होतं. त्यांच्या नवऱ्याखेरीज गावात हे फक्त खालाला माहीत होतं आणि त्यांच्या ब्लाउजची काजं मी करते म्हणून मला. नुसता कापूस भरला तर तो हलका असल्याने वर सरकतो आणि गळा एका बाजूला ओढला जातो. खालाने तीन ब्लाउज उसवले, तेव्हा तिला सुचलं की तळाशी मोहरीची पुरचुंडी शिवावी, आणि ती धुताना काढता यावी म्हणून आतून हूक लावावा. तो ब्लाउज घालून मॅडम आरशासमोर बराच वेळ उभ्या होत्या. मग म्हणाल्या होत्या, "आपा, उद्यापासून फळ्याकडे पाठ करून, मुलींकडे तोंड करून उभी राहीन."

मी अतिकभाईला बोलावून घेतलं.

"अगं, माझ्या अकाउंटला पासवर्ड आहे," तो म्हणाला. "बोटाचा ठसापण आहे."

"तो तुझ्या अकाउंटला आहे. लिंक असलेल्या माणसाला तुझ्या अकाउंटमधून जावंच लागत नाही. आणि आत सगळं साध्या मराठीत आहे. जो पोचला, त्याने वाचलं."

"मला वाटलं पहिलंच पान दिसतं."

"अम्मीला विचारायचं होतंस तू," खाला त्याला म्हणाली. ती स्वतःचा उल्लेख असा करते तेव्हा प्रकरण गंभीर असतं.

आम्ही आधी लिंक बंद केली. मग मापांचं पान तक्त्यातून काढलं आणि त्याची वेगळी फाइल केली. तिच्यात नावांऐवजी क्रमांक टाकले. क्लाउडवर चढवण्याआधी ती माझ्या लॅपटॉपवरच कूटबद्ध केली, म्हणजे परवलीचं वाक्य नसलेल्या माणसाला ती उघडली तरी अक्षरांचा नुसता भुगा दिसेल. वाक्य खालाने ठरवलं. अतिकभाईला ते सांगायला तिने नकार दिला.

"मी मुलगा आहे तुझा!"

"म्हणूनच. तू स्टेटसला लावशील."

एवढं झाल्यावर अतिकभाईने सुटकेचा श्वास सोडला. "संपलं. आता कोणाला काही सांगायची गरज नाही. कोणी पाहिलंच नसेल."

"कोणी पाहिलं ते कळतं का?" खालाने मला विचारलं.

"नाही. अशा उघड्या लिंकवर कोण येऊन गेलं, त्याची नावं राहत नाहीत. रमजानपासून आजपर्यंत कोणीही पाहिलेलं असू शकतं. किंवा फक्त डिंपलने."

"मग मोहिनी मॅडमला सांगायला हवं."

"अम्मी, ती परत येणार नाही तुझ्याकडे," अतिकभाई म्हणाला. "शिवाय उगाच झोप उडेल तिची."

खालाने बुरख्याची बटणं लावली. "झोप तिची आहे, अतिक. आधी तिला तोंडाने सांगते. बाकीच्यांना उद्या एकेकीला फोन करू. तू करशील. माफी पण तूच मागशील."

मॅडम घरी एकट्याच होत्या, पेपर तपासत होत्या. आम्हाला बघून त्यांनी चहा टाकला. खालाने चहाची वाट पाहिली नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून तिने सगळं सांगितलं, सरळ, मध्ये न थांबता. पोराने केलं असं म्हणाली नाही. "माझ्या दुकानातून झालं," म्हणाली.

मॅडमनी गॅस बंद केला. चहा अजून उकळलाही नव्हता.

"नेमकं काय लिहिलं होतं?" त्यांनी मला विचारलं.

मी शब्द न शब्द सांगितला. 'कोणाला बोलायचं नाही' इथपर्यंत.

"हेसुद्धा लिहिलं होतं?" त्या क्षणभर हसल्या आणि मग त्यांचा चेहरा एकदम बदलला. त्या खुर्चीवर बसल्या.

"रोहिणी," त्या म्हणाल्या.

रोहिणी मॅडम त्यांच्याच शाळेत भूगोल शिकवतात. दोघींचं परीक्षाप्रमुख पदावरून वाजलं होतं, हे खालाच्या दुकानात येणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे.

"ईदनंतर शाळेत गेले, तेव्हापासून रोहिणी माझ्या हातातला वह्यांचा गठ्ठा काढून घेते," मॅडम म्हणाल्या. "डाव्या हातातलाच. मला वाटलं, मी म्हातारी झाले असं चारचौघांत दाखवायचंय तिला. मी दोनदा तिच्या हातून हिसकावून घेतला." डॉक्टरांनी त्यांना त्या हाताने वजन उचलायला मनाई केली होती, हे आम्हाला तेव्हा कळलं.

"मॅडम, मला माफ करा," खाला म्हणाली.

"नाही करणार, आपा. आज तरी नाही." त्यांचा आवाज चढला नव्हता. "मला तिला सांगायचं नव्हतं. सांगायचं असतं, तर मी माझ्या वेळेला सांगितलं असतं. ते माझ्या हातून गेलं."

खालाने मान हलवली.

मॅडम उठल्या, फोन घेतला. नंबर लावताना चुकून स्पीकर चालू झाला.

"हं, बोल," रोहिणी मॅडमचा आवाज आला. "पुन्हा भांडायचंय का?"

"तू अकबरीआपांच्या तक्त्यात माझं नाव का शोधलंस?"

"अगं, तुझ्या त्या निळ्या ब्लाउजचा मागचा गळा मला हवा होता. किती खोल घेतलाय ते बघायला गेले."

"आणि?"

"आणि मग घरात जाऊन रडले, झालं समाधान? मोहिनी, मी कोणाला बोलले नाही. माझ्या नवऱ्यालासुद्धा नाही."

"मला विचारायचं होतंस."

"काय विचारू? तू गठ्ठासुद्धा देत नाहीस हातात, भवाने!"

मॅडमच्या तोंडून एक आवाज निघाला. हसू होतं की दुसरं काही, मला सांगता येणार नाही. स्पीकर बंद करायला त्यांची बोटं फोनवर चाचपडत होती. मी पुढे होणार, तेवढ्यात खालाने माझ्या कोपराला धरलं.

"चल," ती हळू म्हणाली. "आता आपण इथे नसावं."

आम्ही चपला घातल्या. दार ओढून घेताना आतून मॅडम ओरडल्या, "आपा! शुक्रवारी ट्रायलला येते मी. पण भांडायला येतेय, लक्षात ठेवा!"

"या," खाला म्हणाली आणि दार तिने अगदी आवाज न करता लावलं.